चिरकेची मैफल

मुलांनो, डोंगरापलीकडच्या एका जंगलात चिरक नावाची एक पक्षीण राहत असे. रंगाने मातकट, आकाराने मुठीएवढी. झुडपात बसली तर शोधूनही सापडू नये. गळा मात्र विलक्षण. सकाळी ती खडकावर बसून गाऊ लागली, की झऱ्यावर पाणी प्यायला आलेली हरणे प्यायची थांबत. त्या जंगलात दर वसंतात मोठी मैफल भरे आणि तिथे कोणी गायचे हे मोर ठरवी. चिरकेने तीन वर्षे त्याला विनवले. तिन्ही वेळा मोराने तिला नखापासून चोचीपर्यंत न्याहाळले आणि एकच उत्तर दिले, "गाणारा आधी डोळ्यांत भरावा लागतो. तू तर दिसतही नाहीस."

चौथ्या वर्षी सहलीला आलेल्या माणसांचा विसरलेला मोबाईल एका माकडाच्या हाती लागला. आसपासच्या जंगलांत असे मोबाईल आधीच पोहोचले होते. माकडाने चिरकेचे गाणे त्यात भरून घेतले आणि इंटरनेटवर टाकले. आठ दिवसांत ते माळावरच्या काळविटांनी ऐकले, खाडीकाठच्या बगळ्यांनी ऐकले, आणि जिला कोणी पाहिलेही नव्हते तिच्या ताना पोरेटोरे गुणगुणू लागली. ती दिसायला कशी आहे, हे एकानेही विचारले नाही. सगळ्यांनी विचारले ते एवढेच, की हिला समोर बसून कधी ऐकायला मिळेल? निरोपांचा असा पाऊस पडला, की मोराला तिला मैफलीत जागा द्यावीच लागली.

मैफलीला तीन जंगले लोटली. एवढी गर्दी चिरकेने कधी पाहिली नव्हती. मोबाईलपुढे सूर हलला तर माकड ते गाणे पुसून पुन्हा भरून घेई. इथे चोचीतून निसटलेला सूर परत बोलावता येत नव्हता. तिने डोळे मिटून सुरुवात केली आणि पहिलाच सूर चिरकला. मागे कुजबुज झाली. मोर शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "मोबाईलमध्ये काय, कोणीही गोड वाटतं."

ते शब्द चिरकेच्याही कानी पडले आणि तिला लागले. ती थांबली आणि तिने डोळे उघडले. पुढेच एक म्हातारे अस्वल बसले होते. दोन दिवस चालून आल्याने त्याचे पाय सुजले होते, पण मान तिच्याकडे कललेली होती. चिरकेने मग खालच्या सुरापासून, अगदी सावकाश, पुन्हा गायला घेतले. आवाज तापला, मोकळा झाला. एका वळणावर अस्वलाने डोके हलवले आणि ते हळूच म्हणाले, "ही जागा पुन्हा घे, बाई."

चिरकेने ती पुन्हा घेतली, पण तशीच नाही. दाद मिळताच तिला नवे वळण सुचले, त्यातून दुसरे, तिसरे. यातले काहीच मोबाईलमध्ये नव्हते. तिला स्वतःलाही ते आजवर ठाऊक नव्हते. मागच्या रांगा उठून पुढे सरकल्या. गाणे संपले तेव्हा सगळे जंगल उभे होते, आणि मोराने आपला पिसारा मिटून तिला वाट करून दिली. ती मातकट, मुठीएवढी पक्षीण छाती काढून त्या वाटेने गेली.

माकडाने हेही गाणे भरून घेतले होते. ते इंटरनेटवर टाकू का, असे त्याने विचारले.

"खुशाल टाक," चिरक म्हणाली. "त्यानंच तर मला हे ऐकणारे मिळवून दिले. पण खाली लिही, यापुढचं गाणं ऐकायचं असेल, तर माझ्यासमोर येऊन बसा."

तात्पर्य : गुणाला दूरवर पोहोचवणारे साधन जरूर वापरावे, पण गुणाची कसोटी लागते आणि त्याला नवे धुमारे फुटतात, ते समोर बसलेल्या रसिकापुढेच.