लाखेने बुजवलेली भेग

विषय : राजलेखणीस गेलेली भेग व त्यापायी एका माणसाचा झालेला पक्षी.
संदर्भ : गिरमाजी कातारी याचा माफीचा अर्ज.

उपरोक्त विषयी निवेदन असे, की एका राज्यात एक लांबलचक कालवा होता आणि कालव्यात गिरमाजीची होडी होती. होडीतच चूल, होडीतच कातकामाचा चरक. चरकावर लाकूड फिरवीत, पटाशीने सोलीत तो काठाकाठाने लेखण्या करीत जाई. कातारी लोकांची रीत अशी, की लाकडाला भेग दिसली की ते चुलीत घालायचे. गिरमाजीने ही रीत जन्मात एकदाच मोडली, आणि तीही नेमकी राजाच्या लेखणीसाठी. राज्याभिषेक दुसऱ्या दिवशी होता. लाकूड देखणे होते. त्याने भेगेत भुसा भरला, वर लाख चढवली आणि खाली ऐटीत आपली खूण कोरली.

पहिल्याच सहीला लेखणी दुभंगली. कालव्याचे पाणी होते तिथे थांबले. ते लाकूड जलसिद्ध मांत्रिकाच्या बागेतले होते, आणि कालवा त्याच्याच हुकमात होता.

"दोष कोणाचा?" मांत्रिकाने दरबारात येऊन विचारले.

"लाकूड रायबाने आणले होते," गिरमाजी म्हणाला. रायबा त्याचा मेहुणा. वाक्यातला शब्द न् शब्द खरा होता. मांत्रिकाने तत्काळ रायबाचा खंड्या पक्षी केला.

"पाणी वाहायचे कसे?" राजाने विचारले.

"कातारी, तीन कामे कर," मांत्रिक म्हणाला. "कुऱ्हाड न पाहिलेल्या झाडाची आपोआप गळलेली फांदी आण. मगरीने राजीखुशीने दिलेला दात आण. त्यांची लेखणी करून दोषी कोण ते दरबारात लिही. खरे लिहिलेस तर पाणी वाहील, पक्ष्याचा माणूस होईल."

थांबल्या पाण्यात बांबू रेटीत गिरमाजी निघाला. फांदी दोन दिवसांत मिळाली. मगरीने दात तिसऱ्या दिवशी दिला. तिचा तो दुखतच होता. तिसऱ्या कामाला मात्र अकरा महिने लागले.

खंड्या होडीच्या टोकावर बसून विचारी, "दाजी, आज निघायचे दरबाराला?"

"अजून झिलई हवी."

"माशी बसली तर घसरून पडेल. आणखी किती झिलई?"

"दात नीट बसत नाही."

"मगरीच्या तोंडात बरा बसला होता."

एकदा खंड्याने पाण्यात सूर मारला, तडफडता मासा आणला आणि गिळण्यापूर्वी म्हणाला, "दाजी, मी जन्मात मासळी खाल्ली नव्हती. आठवते ना?"

गिरमाजीला आठवत होते. रायबासाठी बायको वेगळे पातेले ठेवी. त्याने मान खाली घातली ती वर केली नाही. तशाच खाली मानेने त्याने होडी राजधानीकडे वळवली.

दरबारात त्याने लिहिले : 'भेग मला दिसली होती. मी ती लाखेने बुजवली. रायबा निर्दोष आहे.' मग तेच मोठ्याने वाचले.

कालवा वाहू लागला. रायबा माणूस होऊन समोर उभा राहिला, केसांतून पाणी निथळत. राजाला होड्या चालू झाल्याचा आनंद झाला होता. "झाले ते झाले," म्हणून त्याने माफी देऊनही टाकली.

गिरमाजीने त्याच लेखणीने दुसरा कागद लिहिला आणि रायबाच्या हाती दिला. रायबाने तो वाचला, घडी घालून कमरेला खोचला.

"बघू, दाजी."

हल्ली रायबा अधूनमधून होडीवर येतो. वेगळ्या पातेल्यातले जेवतो. गिरमाजी वाढतो, विचारत नाही.

अर्ज रायबाकडे प्रलंबित आहे.