तिसऱ्यांदा विचारलेला प्रश्न

खूप मागे, आता कुणालाच आठवत नाही अशा काळात, एका उंच डोंगरावर एक गाव होतं. त्या गावाची स्वतःची एक भाषा होती. डोंगराखालच्या लोकांना ती समजत नसे, आणि गावाला त्याचं काही वाटत नसे.

एके दिवशी राजाचा दूत धापा टाकत वर आला. म्हणाला, "साऱ्या राज्यात ही भाषा फक्त तुमच्याकडे उरली आहे. राजाची आज्ञा आहे, ती जपा." एवढं सांगून, पाणी पिऊन तो उतरून गेला.

गाव गोंधळलं. धान्य जपायला कणगी असते, मध जपायला मडकं असतं. भाषा कशात ठेवायची?

"जपायची म्हणजे काय करायचं, ते तरी सांगायचं होतं त्यानं," एक जण कुरकुरला.

"त्यात काय एवढं?" एक बाई म्हणाली. "माझं लग्नातलं लुगडं अजून नवंच्या नवं आहे. का? मी ते नेसतच नाही."

हे सगळ्यांना पटलं. गावात सर्वांत वयस्कर एक म्हातारी होती. तिचं बोलणं अगदी चोख. तिने नियम केला, की ज्याला बिनचूक येते त्यानेच ही भाषा बोलावी. बाकीच्यांनी डोंगराखालच्या बाजारची भाषा बोलावी, म्हणजे आपली खराब होणार नाही.

पहिला सापडला तो मेंढपाळ. वर्षातले सहा महिने तो खाली माळावर असे, त्यामुळे त्याच्या तोंडी बाजारचे शब्द येत.

"आला बघा, अर्धा डोंगर आणि अर्धा बाजार!" लोक हसले.

त्या दिवसापासून तो फक्त मेंढ्यांशी बोलू लागला. मेंढ्या हसत नसत.

मग एकेक जण गप्प होत गेला. ज्यांना चांगली येत होती, त्यांनाही शंका येऊ लागली. आपलं बरोबर आहे ना? नक्की? त्यापेक्षा नकोच. भाषा जपायला सगळे इतके झटत होते आणि ती ऐकू मात्र येत नव्हती. असं का होतंय, ते कुणालाच उमगत नव्हतं.

दोन वर्षांनी गावात एक मुलगी जन्मली. दोन वर्षांतलं ते पहिलंच बाळ.

गावाची एक रीत होती. पाचव्या दिवशी म्हातारीने बाळाला हातांवर उचलून गावाच्या भाषेत विचारायचं, "हे कोण आलं?" जमलेल्यांपैकी कुणीतरी त्याच भाषेत म्हणायचं, "आमचं आलं." मगच बाळाला नाव मिळे. आईबापांनी उत्तर द्यायचं नाही, कारण त्यांचं तर ते होतंच. प्रश्न तीनदाच विचारायचा. तरीही उत्तर आलं नाही, तर ते मूल जन्मभर गावात पाहुणं म्हणून राहायचं.

म्हातारीने विचारलं, "हे कोण आलं?"

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.

तिने पुन्हा विचारलं. कुणाचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही.

"अहो, बोला ना कुणीतरी!" बाळाची आई बाजारच्या भाषेत कळवळून म्हणाली. "येतं ना तुम्हाला!"

"येतं गं," शेजारीण पुटपुटली. "पण चुकलं म्हणजे?"

म्हातारीने तिसऱ्यांदा विचारलं.

तेवढ्यात मागून मेंढपाळ मोठ्याने ओरडला, "आमचं आलं! आमच्याच कळपातलं आहे ते!" निम्मे शब्द गावाचे होते, निम्मे बाजारचे.

हसावं की नाही, ते लोकांना कळेना.

"दोन शब्द चुकले," म्हातारी म्हणाली.

"तीन," गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं.

आई पुढे आली. "आजी, चुकले असतील. पण तुला कळलं ना तो काय म्हणाला ते?"

"कळलं."

"मग माझ्या लेकीचं नाव का अडवतेस?"

दोन वर्षांत म्हातारीला तिच्या भाषेत मिळालेलं हे पहिलंच उत्तर होतं. ती बाळाच्या कानाशी वाकली आणि तिने नाव सांगितलं.

नियम त्याच दिवशी मोडला. लोक पुन्हा बोलू लागले, अडखळत, एकमेकांना विचारत. पण काही शब्द परत आलेच नाहीत. पहाटे दरीत साचणाऱ्या धुक्याला ते काय म्हणत, ते कुणालाच आठवेना. म्हातारीला विचारलं, तर ती धुक्याकडे बोट दाखवून बाजारचाच शब्द म्हणाली. इतक्या दिवसांत तो शब्द बोलायला समोर कुणी नव्हतं. ती स्वतःच तो विसरली होती.

बोध : भाषा चुकल्याने मरत नाही, चुकण्याच्या भीतीने गप्प बसल्यावर मरते.