कासारखिंडीतली काशाची वाटी

कोकणातून घाट चढून जो कुणी या खिंडीत येतो, त्याला आम्ही पारावर बसवतो आणि तूप लावून काशाच्या वाटीने त्याचे तळपाय घासतो. डावा पाय आधी द्या. शहरातले पाय तुमचे, गुदगुल्या होतील, पण ओढून घेऊ नका.

फार पूर्वी इथे रावजी नावाचा कासार राहत असे, असे सांगतात. त्याची बायको गोजरा देशावरची. इथल्या तापल्या कातळावर चालून तिच्या पायांची आग होई. माहेरी आई काशाच्या वाटीने तळवे घासायची. इथे घरात वापरायला नुसती तांब्याची भांडी, आणि तांब्याने काही आग उतरेना. म्हणून तिने नवऱ्याकडे काशाची वाटी मागितली.

तांबे मूळचे मऊ. त्यात कथील मिसळले की कासे होते, मग ते कडक होते आणि टिचकी मारली की खणखणते. रावजीने घरात होते तेवढे कथील त्या एका वाटीत घातले. ओतताना रस सांडला आणि त्याच्यावर त्याची डावी टाच पडली. चिंचोक्याएवढा गुळगुळीत वण राहिला.

पुढे लग्नसराई आली. भांडी ओतायला कथील नाही. ते बंदरावर गलबतातून यायचे. रावजी घाट उतरून गेला, तो परत आला नाही.

आपण वाटी मागितली म्हणून तो गेला, हे गोजराच्या मनातून कधी गेले नाही. ती पारावर येऊन बसू लागली. वर येणाऱ्या प्रत्येकाचे पाय घासायची आणि रावजीची खबर विचारायची. म्हातारपणी तिची दृष्टी गेली, म्हणे. मग ती आधी डाव्या टाचेवरून अंगठा फिरवून बघे.

शेवटच्या दुखण्यात तिने जावेचा हात धरला. म्हणाली, "बाई, माज्यामागं तू बसत जा. त्यो आला आन् कुनी वळखलंच न्हाई, तर तसाच म्होरं जाईल की गं."

जाऊ बसली, मग तिची सून बसली. आजही आम्ही तूप लावण्याआधी टाच चाचपतो. इतक्या वर्षांनी तो येणार नाही, हे आम्हालाही कळते. पण आता बघू नका, असे गोजराने कुणाला सांगितलेले नाही.

द्या आता उजवा पाय.