लाल दोऱ्याचा बाण

फार पूर्वी, कमानी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकत, तेव्हाची ही गोष्ट. एका तिरंदाजाकडे दोन कमानी होत्या. वेळूची म्हातारी आणि शिंगाची तरणी. तो म्हणाला, "जिचा बाण लांब जाईल ती माझ्या खांद्यावर राहील. दुसरी पिंजाऱ्याकडे, कापूस पिंजायला."

म्हातारीने आपला ताण ढिला पडू दिला नाही. तिने आपल्या बाणाला लाल दोरा बांधून घेतला.

"आजीबाई, नटवताय कुणाला? दोऱ्याचं ओझं होतं," शिंगाची फिदीफिदी हसली.

"होऊ दे गं. माझं ओझं मी पेलते."

तरणीचा बाण सुटला तो नजरेआडच झाला. म्हातारीचा माळाच्या मधोमध पडला. पंच टिटवी सारा माळ धुंडून आली. "लाल दोरा सापडला. दुसरा बाण वाळल्या गवतात कुठंच दिसत नाही."

"म्हणजे बघा, किती लांब गेला!"

"गेला असेल, पोरी," म्हातारी म्हणाली. "पण मोजायचं कुठपर्यंत, तेवढं दाखव."

म्हातारी खांद्यावर बसून घरी गेली. शिंगाची पिंजाऱ्याकडे कापूस पिंजते आणि उडणाऱ्या कापसाला अजून सांगते, "माझा बाण खाली आलेलाच नाही."