भैरू आणि अण्णांचा विलायती लेथ

उगारवाडीत घरटी लोखंड कातायचा एक लेथ होता आणि दर लेथमागे दोन शहाणे. भोळा मात्र अख्ख्या गावात एकच. भैरू त्याचं नाव. सांगितलेलं काम तो शब्द न शब्द तसंच करायचा. तीच तर पंचाईत होती.

रामलिंगअण्णांच्या वर्कशॉपात तो झाडलोट करी. अण्णांनी एका बंद पडलेल्या कारखान्यातून शंभर वर्षांचा विलायती लेथ आणला होता. केसाचे दहा भाग पाडील इतका अचूक. सोबत मापाचे पोलादी ठोकळे, मखमलीच्या पेटीत. त्या लेथवर अण्णांनी कधी साधा खिळा केला नाही. झिजेल म्हणत. नुसता दाखवत. तो म्युझियममध्ये मांडावा आणि खाली आपल्या नावाची पाटी लागावी, एवढीच त्यांची इच्छा.

"भैरू, हे ठोकळे नाजूक," अण्णा म्हणाले. "पोलाद तापलं की वाढतं, माप चुकतं. कुणाला द्यायचे तर आधी चांगले गार होऊ द्यायचे."

"बरं, अण्णा."

दुसऱ्या दिवशी साखर कारखान्याचे साहेब लेथ बघायला आले. अण्णांनी चहा सांगितला. साहेब बसले. बसून बसून पेंगले. शेवटी चहा आला, वर जाड साय धरलेला.

"हा काय चहा?" अण्णा ओरडले.

"तापला की वाढतो ना, अण्णा. कपाबाहेर आला असता."

"अरे खुळ्या, पाहुण्याला द्यायचं ते वाफाळतं द्यायचं! खळखळून उकळायचं, बशीत धरून आणायचं!"

"आता नाही विसरणार."

पुढच्या आठवड्यात इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक आले. त्यांनी मापाचा एक ठोकळा बघायला मागितला. भैरू आत गेला. स्टोव्हचा आवाज आला. बऱ्याच वेळानं तो बशी धरून बाहेर आला. बशीत ठोकळा, ठोकळ्यावर वाफ. प्राध्यापकांनी तो उचलला आणि लगेच सोडला. स्वतःच्याच पायावर.

"साखर घातलेली नाही," भैरू अदबीनं म्हणाला. "तुम्हाला चालते की नाही, ठाऊक नव्हतं."

प्राध्यापक लंगडत गेले. अण्णांनी कपाळ बडवून घेतलं. "अरे, जुनी मोलाची वस्तू ही! जुन्याला पाणी लावायचं नाही, घासायचं नाही. जसं आहे तसं राहू द्यायचं!"

"राहू देतो, अण्णा."

मग अण्णांच्या पत्नी गिरिजावहिनी माहेरी गेल्या. जाताना सासऱ्यांना, म्हणजे नव्वदीच्या आबांना, रोज आंघोळ घालायचं काम भैरूला सांगून गेल्या. आबांना पाण्याचा मुळातच तिटकारा. भैरूवर ते भलतेच खूश झाले. वहिनी परतल्या, तेव्हा वास अंगणापर्यंत आला होता.

"भैरू! आबांची आंघोळ?"

"जुन्याला पाणी लावायचं नाही, वहिनी. अण्णांचा हुकूम. जसे होते तसे ठेवलेत. माशीसुद्धा उडवली नाही."

वहिनींनी पदर खोचला. "मेल्या, जितकं जुनं तितकं जास्त घासायचं! परवा म्युझियमचे साहेब यायचेत. त्याआधी सगळं लख्ख पाहिजे. सुरकुत्या दिसतात ना? मळ तिथंच बसतो. एकेक सुरकुती धरायची आणि काळं जाईपर्यंत चोळायची!"

भैरूला फार वाईट वाटलं. एवढा जीव ओतून करावं आणि दर वेळी उलटंच व्हावं! या खेपेला चूक होऊ द्यायची नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं.

तो दिवस उजाडला. अण्णा साहेबांना आणायला स्टेशनवर गेले. भैरू लेथपाशी गेला. मापाच्या चकत्यांवर, पट्टीवर बारीक बारीक रेघा. एकीला एक लागून. आणि सगळ्यांत काळं बसलेलं! त्यानं गरम पाणी ओतलं, साबण लावला. काळं हलेना. मग बाह्या सारल्या आणि पॉलिश पेपर घेतला.

दुपारी साहेब आले. अण्णा दारापासूनच सांगत होते, "रेघ न रेघ हातानं कोरलेली! तसले कारागीर आता विलायतेतही उरले नाहीत."

"त्या रेघांसाठीच आलोय मी," साहेब म्हणाले आणि त्यांनी भिंग काढलं.

त्यांनी चकती बघितली. फिरवून बघितली. मग पट्टी बघितली. पट्टीत त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, मिशीसकट.

भैरू हात पुसत पुढे आला. त्याचा चेहरा लेथसारखाच चमकत होता.

"शोधू नका, साहेब," तो म्हणाला. "एक सुरकुती शिल्लक ठेवली नाही. आता कुणाची टाप आहे ह्याला शंभर वर्षांचा म्हणायची?"