त्याच दारूची तोफ

चिमा लोणारीण गडाखालच्या जुन्या गोठ्यांची माती धुऊन, ते पाणी आटवून सोरा काढायची. मातीतल्या त्या पांढऱ्या क्षाराचीच पुढे तोफेची दारू व्हायची. गनीम चालून आला त्या दिवशी बुरुजावरची तोफ पेटलीच नाही आणि अकरा माणसं कापली गेली. त्यांत चिमाचा नवराही होता.

गनीम कसाबसा मागे हटल्यावर किल्लेदार रंगरावांनी तिला बांधून आणवलं. "सोऱ्यात भेसळ केलीस. आता त्याच दारूनं तुला तोफेच्या तोंडी देतो."

चिमानं आवाज चढवला नाही. "द्या, सरकार. तोफ उडाली, तर सोरा चोख होता आणि तुम्ही निर्दोष बाईला मारलंत, हे सगळा गड बघेल. नाही उडाली, तर मी जिवंतच राहीन. बत्ती कोण लावतंय?"

कोणीच पुढे आलं नाही. अखेर म्हातारा गोलंदाज म्हणाला, "सरकार, दारूचं कोठार गळतंय, दारू भिजतेय म्हणून मी तीनदा विनवलं होतं."

रंगरावांनी मान खाली घालून दोर सोडायला लावले. चिमा बुरुजावर गेली. तिथं पडलेल्या त्या अकरा प्रेतांत आपला माणूस ओळखायला तिला बराच वेळ लागला.