म्हाताऱ्या वानराचा ठसका

माणसाने अजून रानात पाऊल टाकलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. वाघ दिसला की शेंड्यावरचा पहारेकरी वानर खोकायचा आणि रान सावध व्हायचं.

एकदा टेंभुर्णीचं फळ खाताना म्हाताऱ्या पहारेकऱ्याला ठसका लागला. खालची चितळं ओरडली, त्यांचं ऐकून मोर ओरडले, मोरांचं ऐकून टेकडीपलीकडची सांबरं. वाघ पाहिला का, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

गुहेत झोपलेला वाघ दचकून उठला. "एवढं रान ओरडतंय म्हणजे काहीतरी भयंकर आलंय," म्हणत तो जीव घेऊन पळाला, तो थेट टेंभुर्णीखालून.

वानराने अडकलेली बी थुंकली आणि पोरांकडे वळून म्हणाला, "बघितलंत? मी उगाच खोकत नाही."